भाजीपाल्यातील जड धातू व पानांवरील फवारणी

खडकवासल्याहून येणारी मुठा व पवनेचे पाणी घेऊन येणारी मुळा या नद्या पुण्यात संगमावर मिळतात. तेथून मुळा-मुठा मांजरी, लोणी काळभोर, थेऊर या गावांवरून पुढे भीमेस मिळते. शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळते व त्यातील काही भाग शुद्ध न होताच येतो. नदीकाठची पालक, मेथी, कोथिंबीर मात्र याच पाण्यावर वाढून पुन्हा शहराच्या बाजारात जाते. यास्तव पाण्यातील जड धातूंचा प्रश्न उत्पादक व ग्राहक या दोघांचाही आहे.

मुलामा देण्याचे कारखाने, रंग, जुन्या बॅटऱ्या इत्यादींतून कॅडमियम, शिसे, क्रोमियम व निकेल हे धातू सांडपाण्यात येतात. ते कुजत नाहीत; जमिनीत साठत जातात. यांपैकी कॅडमियम विशेष घातक होय, कारण ते मुळांवाटे सहज पानांत चढते आणि पीक मात्र वरून हिरवेगार दिसते. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम भातात उतरले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. हा रोग प्रदूषणामुळे झाल्याचे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. पालेभाजीच्या एक किलो ताज्या वजनात कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम व शिसे ०.३ मिलिग्रॅम याहून अधिक नसावे, अशी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा आहे.

पानांवरील फवारणीने काय साधते? जस्त व कॅडमियम हे गुणधर्मांनी जवळचे धातू असून वनस्पतीत बहुधा एकाच वाटेने शिरतात व फिरतात. पिकास जस्ताची उणीव असल्यास ती वाट कॅडमियमला मोकळी मिळते. जस्त पुरेसे असल्यास त्याला अटकाव होतो. सिलिका कॅडमियमला पेशीभित्तिकेत अडकवून ठेवण्यास मदत करते, त्यामुळे ते खाण्याच्या भागात कमी पोहोचते.

दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट विरघळवून त्यात २५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळावी. पालकावर पेरणीनंतर पंधरा दिवसांच्या सुमारास पहिली व आठ दिवसांनी दुसरी फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करावी. कोवळी पाने करपतात की काय, हे आधी दोन ओळींवर पाहावे. शेवटची फवारणी व काढणी यांत आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे. मातीपरीक्षणात जस्त पुरेसे आढळल्यास जस्ताऐवजी पोटॅशियम सिलिकेट वेष्टनावरील प्रमाणात वापरावे. ही दोन्ही द्रावणे एकत्र मिसळू नयेत. साका बसून दोन्ही वाया जातात.

फवारणीने कॅडमियम कमी होते, नाहीसे होत नाही. शिशाची गोष्ट वेगळी आहे. ते मुळांतून पानांत फारसे चढत नाही. पुष्कळसे धुळीबरोबर पानांवर बसते. त्यावर स्वच्छ पाण्याने धुणे हाच उपाय. ज्या कालव्याचे पाणी दूषित, त्यातच जुड्या बुडवून ताज्या दिसतील अशा करणे म्हणजे घाण पुन्हा पानांवर चढविणे होय.

आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनी धातूंना बऱ्याच अंशी धरून ठेवतात, हे आपले भाग्य होय. येथे आणखी चुना टाकण्याचे कारण नाही. चांगले कुजलेले शेणखत मात्र जरूर द्यावे. क्लोराइडमुळे कॅडमियम अधिक विरघळते, म्हणून पालाशासाठी म्युरिएट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे. दूषित पाणी टाळता येत नसल्यास त्यावर पालेभाज्या, मुळा व गाजर न घेता फुलझाडे घ्यावीत. भाजीच घ्यावयाची तर टोमॅटो, भेंडी, गवार यांसारखी फळभाजी घ्यावी, कारण फळांत धातू तुलनेने कमी उतरतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मृद आरोग्य पत्रिकेत जस्ताचा आकडा मिळतो, पण कॅडमियम व शिशाचा मिळत नाही. तेव्हा नदीकाठच्या गावांतून पाणी, माती व भाजी यांचे नमुने जड धातूंसाठी वेगळे तपासून घ्यावेत. काठावरच्या विहिरीचे पाणी नितळ दिसले तरी तेही तपासावे. फवारणी हा मधल्या काळातील आधार होय. खरा उपाय स्वच्छ पाणी हाच आहे. शेतकऱ्याच्या घरची भाजीही त्याच वाफ्यातून येते, हे विसरून चालणार नाही.