पेटंट खात्यातील शोधक

१९३० साली अमेरिकेत मंदी पसरत असता चेस्टर कार्लसन हा तरुण पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याने ब्याऐंशी कंपन्यांकडे अर्ज धाडले. अखेर बेल कंपनीच्या न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेत त्याला इंजिनियराची जागा मिळाली. परंतु ते काम त्याला नीरस वाटले, आणि वर्षभराने तो तेथील पेटंट खात्यात गेला.

पेटंट म्हणजे शोधक व सरकार यांच्यामधील एक प्रकारचा करार होय. शोधकाने आपली युक्ती उघड करावी आणि त्या मोबदल्यात ठराविक मुदतीपर्यंत इतरांना ती वापरण्यास मनाई करण्याचा हक्क त्याला मिळावा, असे त्याचे स्वरूप असते. या हक्काची मर्यादा अर्जातील शब्दांवरून ठरते. ‘लोखंडी दांडा’ असे लिहावे, तर दुसरा कारखानदार पितळी दांडा घालून निसटू पाहतो. नुसता ‘दांडा’ म्हणावे, तर तो पूर्वीच कोणी योजला होता असा आक्षेप निघतो. म्हणून या कामात यंत्रही कळावे लागते आणि कायदाही.

मंदीत कार्लसनची ती नोकरी गेली. पुढे विद्युत्साहित्य बनविणाऱ्या मॅलरी कंपनीच्या पेटंट खात्यात तो लागला आणि १९३६ पासून रात्री कायदा शिकू लागला. ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नव्हती. ग्रंथालयात बसून तो पानेच्या पाने उतरून काढी. कचेरीतही पेटंटांच्या प्रती कधी पुरत नसत. त्यातच त्याला संधिवात जडला होता! प्रती काढण्याची सुलभ रीत शोधावयाची, असे त्याने मनाशी घेतले.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी ॲस्टोरिया येथील एका खोलीत त्याने व त्याच्या साहाय्यकाने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा अंधारात कापडाने घासून विद्युत्भारित केला. शाईने अक्षरे लिहिलेली काच त्यावर ठेवून काही क्षण दिवा लावला. प्रकाश पडला तेथील भार ओसरला. अक्षरांच्या छायेत तो टिकला. मग काच उचलून पूड भुरभुरली व फुंकर मारली. पत्र्यावर अक्षरे उरली.

वीसहून अधिक कंपन्यांनी हा शोध नाकारला. परंतु कार्लसनने आपला पहिला अर्ज प्रयोग साधण्यापूर्वीच, १९३७ साली, दाखल केला होता. १९४२ साली या पद्धतीचे मुख्य पेटंट त्याला मिळाले. त्यावरून तयार झालेले ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र बाजारात आले १९५९ साली, आणि त्याच वर्षी त्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत संपली. तोवर सुधारणांची इतर पेटंटे मात्र घेऊन ठेवलेली होती.