मुहूर्त कोणासाठी?

वैशाख लागला की बुलढाणा जिल्ह्यांत लग्नांची एकच धांदल उडते. घाटावर थोडा तरी गारवा असतो. परंतु घाटाखालील मलकापूर, नांदुरा, खामगाव या भागांत पारा ४० अंशांच्या वर चढलेला असतांना शेकडो वऱ्हाडी कापडी मांडवांत तिष्ठत बसतात.

बरे, हा ताप ज्या मुहूर्तासाठी सोसावयाचा, तो तरी पाळला जातो काय? पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटे छापावयाची आणि नवरदेव नाचत-गाजत दोन वाजतां मांडवी आणावयाचा, हा आमचा शिरस्ता! जी वेळ वाजंत्र्यांसाठी खुशाल मोडते, ती वृद्धांच्या व लेकरांच्या जिवासाठी बदलणे मात्र अधर्म, हा कोणता न्याय?

रब्बीनंतरच शेतकऱ्यास उसंत मिळते व शाळांस सुटी असते, ही अडचण आम्ही जाणतो. परंतु तुळशीच्या लग्नानंतर मार्गशीर्षांत, पुढे माघ-फाल्गुनांतही पंचांग मुहूर्त देते. वैशाखच हवा असेल, तर सूर्य कलतांना येणारा गोरज मुहूर्त शास्त्रसंमतच आहे.

ऊन कोणाचीही भीड धरीत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील सोहळ्यांत उष्माघाताने १४ माणसे दगावली. घाम येऊनही शरीर निवेनासे झाले, की सशक्त मनुष्यही कोसळतो. मग चुलीपुढील आचाऱ्याची काय कथा?

म्हणून यजमानांनी आहेर-मानपानांत काटकसर करून दाट सावली, पाण्याचे माठ व कैरीचे पन्हे यांची तजवीज आधी करावी. आशीर्वाद देण्यास आलेला वृद्ध सुखरूप घरी पोहोचला, तरच ते कार्य मंगल!