खाऱ्या हवेतले चेहरे

मालवणचा फोटोग्राफर म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मग काय, रोज समुद्राचे फोटो?’ खरं सांगायचं तर चाळीस वर्षांत पोटासाठी म्हणून मी समुद्राचे फोटो फारच थोडे काढले. मालवणात ते घेणार कोण? ज्याच्या दारातच समुद्र आहे, त्याला तो भिंतीवर नको असतो. दांडीवरच्या एकाही घरात फ्रेम करून लावलेला समुद्र मी पाहिलेला नाही. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत मात्र पुष्कळ पाहिला. आमच्याकडे भिंतीवर माणसं असतात. आणि ती तिथपर्यंत पोचवण्याचा माझा धंदा.

१९८४ साली बाजारपेठेत दुकान थाटलं. त्याआधी दोन वर्षं कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत डार्करूमच्या लाल दिव्याखाली काढली होती. माझ्याजवळ एक याशिका कॅमेरा, दोन मोठे दिवे, एक स्टूल आणि मागे टांगायचा रंगवलेला पडदा एवढंच भांडवल. पडद्यावर बर्फाचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी तळं आणि तळ्यात एक होडी. गाबीतवाड्यातला एक म्हातारा तांडेल पहिल्यांदा फोटोला आला, तेव्हा त्याने स्टुलावर बसायच्या आधी तो पडदा नीट निरखला आणि म्हणाला, ‘ह्या होडयेत बसान कोण खंय जाऊचो नाय. पयल्याच लाटेक उलटतली.’ कोल्हापूरच्या पेंटरने होडी पाहिली असेल ती रंकाळ्यात! तरी तोच पडदा मी पंधरा वर्षं वापरला. आयुष्यभर खऱ्या होडीवर राबलेल्या माणसांचे चेहरे मी त्या उलटणाऱ्या होडीपुढे बसवून टिपले.

एकशेवीसचा रोल, त्यात बारा फोटो. फिल्म महाग, त्यामुळे एका माणसाला एकच क्लिक. डोळे मिटले तर दुसरं. सोसायटीच्या सभासदत्वासाठी, बँकेच्या कर्जासाठी, बोटीच्या कागदपत्रांसाठी पासपोर्ट साईजच्या तीन प्रती. लग्न ठरलं की मुलीचा उभा फोटो. १९९३ साली निवडणूक आयोगाने मतदार ओळखपत्रांची टूम काढली आणि तोवर आयुष्यात कॅमेऱ्यासमोर न बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा ‘फोटो’ या शब्दाला सरावल्या. त्यांतल्या कितीतरी जणी नंतर माझ्याकडे आल्या. सरकारी कार्डावरचा चेहरा त्यांना पसंत नव्हता! ‘हय मी मेल्यासारी दिसतंय,’ असं एकीने मला ते कार्ड पुढे धरून सांगितलं होतं.

रंगीत फिल्म आली तेव्हा रोल धुवायला कोल्हापूरला जायचे. एसटीच्या पार्सलने गेलेला रोल आठवड्याने परत यायचा, पावसात घाट बंद पडला की पंधरवड्याने. लग्नघरची माणसं रोज दुकानात डोकावून जात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पर्यटक वाढले आणि मग तारकर्लीच्या किनाऱ्यावर गळ्यात कॅमेरा अडकवून उभं राहण्याचाही एक व्यवसाय झाला. तिथली गंमत वेगळी. आमचा समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्त पाठीमागे घेऊन फोटो हवा, असा प्रत्येकाचा आग्रह. तसा काढला की माणसं कोळशासारखी काळी येतात. म्हणून भर उजेडात तोंडावर फ्लॅश मारावा लागतो, आणि लोकांना वाटतं, फोटोवाला बॅटरी उगाच जाळतोय. पहाटे रापण ओढली जाते तेव्हा याच्या उलट अडचण. दोर ओढणाऱ्यांची तोंडं समुद्राकडे आणि सूर्य माडांच्या मागून वर येणारा. चेहरे हवेत तर गुडघाभर पाण्यात जाऊन समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, आणि तरी ते सावलीतच मिळायचे. पन्नाससाठ माणसं एका दोराला लागलेली असताना ‘जरा थांबा’ म्हणण्याची सोय नसते. रापणीच्या फोटोंत मला खरा आनंद मिळाला. पैसा मात्र कधीच मिळाला नाही.

पैसा मिळाला तो स्टुलावरच्या चेहऱ्यांतून. पण मालवणसारख्या गावात या चेहऱ्यांचं काम प्रती दिल्या की संपत नाही, हे कोल्हापुरात मला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते इथे पहिल्याच वर्षी कळलं. खळं सारवता सारवता उठून आल्यासारखी एक बाई दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. गणपतीआधी मी तिच्या नवऱ्याचा बँकेसाठी फोटो काढला होता. ‘काकानू, तेंचो फोटो गावतलो काय?’ मी तेव्हा पंचविशीतला. मला कोणी काका म्हणावं असं वय नव्हतं. निगेटिव्ह सापडली. बारा बाय दहाचा फोटो करून दिला. त्या घरात त्या माणसाचं दुसरं चित्र नव्हतं.

त्या दिवसापासून मी नोंदवही ठेवली. प्रत्येक निगेटिव्ह कागदी पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि वहीत त्या नंबरासमोर नाव, वाडी आणि बोटीचं नाव. बोटीचं नाव अशासाठी, की आमच्या किनाऱ्यावर एका आडनावाची, एकाच नावाची चार माणसं सहज निघतात; आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. पण बोट वेगळी असते. पाकिटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. आज असे एकोणीस डबे आहेत.

आणि त्यांचा वैरी म्हणजे तोच समुद्र. फिल्मवर जो थर असतो तो जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला. बुरशीला ते आयतं जेवण. हवेत ओल असली की निगेटिव्हवर कोळिष्टकासारखे तंतू पसरतात. नाक जातं, कपाळ जातं, मग सगळा चेहराच. भिंगावर चढली की तीच बुरशी काचेवरचा लेप खाते आणि पुसूनही डाग जात नाही. यावर आमच्या पिढीच्या फोटोग्राफरांचा उपाय एकच होता : लाकडी कपाट, त्यात खालच्या कप्प्यात चाळीस वॅटचा बल्ब, बारा महिने चोवीस तास पेटलेला. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. शिवाय सिलिका जेलच्या पुड्या. निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून परत निळ्या करायच्या. माझी बायको भाकऱ्या झाल्यावर हे काम करी आणि पाहुण्यांना सांगे, ‘ही ह्यांची कोशिंबीर.’ आता अडचण अशी झाली आहे, की तारेचे जुने बल्ब दुकानांत फारसे मिळत नाहीत. एलईडी दिव्याने वीज वाचते हे खरं, पण त्याची ऊब माझ्या कपाटाला पुरत नाही.

योगायोग असा, की दर्यावर जाणारा माणूस घरी सापडतो तो पावसाळ्यात, मासेमारी बंद असते तेव्हा. म्हणजे ज्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त चेहरे मिळत, तेच दिवस फिल्मला सगळ्यांत वाईट. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण झाला, बोटी उतरल्या, की पुढचे आठ-नऊ महिने दुकानात बायका, मुलं आणि चाकरमानी.

११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ कोकणातल्या पुष्कळ घरांना आठवत असेल. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या दुकानातली गर्दी मी विसरू शकत नाही. बेपत्ता माणसाची तक्रार द्यायची तर फोटो लागतो. मी आणि माझा मदतनीस वही उघडून बसलो होतो. लोक बोटीचं नाव सांगत, आम्ही नंबर शोधत होतो. काही माणसं नंतर सुखरूप परतली, कुठल्यातरी लांबच्या बंदराला लागली होती. त्यांचे काढून ठेवलेले फोटो न्यायला ती स्वतःच आली तेव्हा दुकानात हशा झाला. काही आली नाहीत.

माणूस सात वर्षं बेपत्ता राहिला तर कायदा त्याला मृत मानू शकतो. पण या सात वर्षांत त्याच्या फोटोचं काय करायचं, हे कोणत्याच कायद्यात नाही. हार घालायचा तर तो गेला असं कबूल करावं लागतं. एका आईने माझ्याकडून मुलाचा मोठा फोटो करून घेतला; फ्रेम मात्र नको म्हणाली. ‘खिळो मारूचो नाय अजून.’ तो फोटो तिने ब्राऊन पेपरात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. मधूनमधून येऊन विचारायची, कागद पिवळा पडणार नाही ना? मी दर वेळी तपासून द्यायचो.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग असा प्रसंग येऊ नये, असं मलाही वाटलं होतं. मध्यंतरी एक बावीस वर्षांचा मुलगा बोटीवरून पडून गेला. त्याचे शेकडो फोटो होते, पण ते ज्या फोनमध्ये होते तो फोनही त्याच्याबरोबरच गेला. मित्रांकडे मिळाले त्यांत एकात काळा गॉगल, दुसऱ्यात अर्धा चेहरा आणि चार जणांचे हात. व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून इतके बारीक झालेले, की मोठे करताच चौकोन चौकोन दिसत. शेवटी भिंतीवर लागला तो मी दहावीच्या परीक्षेसाठी काढलेला, शाळेच्या शर्टातला फोटो. घरच्यांनी विचारलं, कॉम्प्युटरवर याला मिशी काढून देता येईल का? मी दिली नाही. शर्ट तेवढा बदलून दिला. ते बरोबर की चूक, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

दोन वर्षांपूर्वी एका रिसॉर्टवाल्याची मागणी आली. जेवणघराच्या भिंतींवर ‘जुनं मालवण’ लावायचं होतं. पैसे चांगले होते, माझ्या वर्षाच्या कमाईएवढे. रापण, धक्का, सिंधुदुर्गाची तटबंदी हे मी लगेच दिलं. पण त्याची नजर गेली चेहऱ्यांवर. सुरकुतलेले, उन्हाने रापलेले, डोळे बारीक केलेले तांडेल. त्यांतले निम्मे तरी आज हयात नाहीत. निगेटिव्ह माझ्या कपाटातली, बल्ब माझा, चाळीस वर्षांचं विजेचं बिल माझं. तरी १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, की कोणी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर त्याचा पहिला हक्क त्या गिऱ्हाइकाचा. फोटोग्राफरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. गिऱ्हाइकांना तर बिलकूल नाही. मी गप्प राहिलो असतो तर विचारायला कोणी आलं नसतं.

मी नोंदवही घेऊन घरोघर फिरलो. एका घरात मुलगा खूष झाला. ‘बाबांका बघीत लोक जेवतले? जेवांदेत. तेणी जल्मभर लोकांका मासेच खावक घातले.’ पैशातला वाटा त्याने घेतला आणि उद्घाटनाला सगळं कुटुंब घेऊन गेला. दुसऱ्या दारात एका म्हातारीने मला चहा दिला, फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि परत देताना म्हणाली, ‘माझो घोव हॉटेलात टांगूक नको.’ एकूण अकरा चेहरे मिळाले, नऊ मिळाले नाहीत. रिसॉर्टवाल्याला हे विचित्र वाटलं. त्याने उरलेली भिंत जुन्या जाळ्यांनी सजवली आहे.

इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं असंच एक मासेमारीचं गाव आहे. तिथला फ्रँक सटक्लिफ (१८५३-१९४१) हा आमच्या जातकुळीतला माणूस. पोटासाठी तो हवापालटाला आलेल्या पाहुण्यांचे फोटो काढायचा आणि उरल्या वेळात मच्छीमारांचे. पाण्यात उघडीवाघडी खेळणारी पोरं दाखवणारा त्याचा १८८६ चा फोटो जगभर गाजला. १९२२ मध्ये त्याने धंदा सोडला आणि पुढे गावच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक झाला. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह टिकल्या, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं व्हिटबी आज चेहऱ्यानिशी दिसतं. मला त्याच्या कलेपेक्षा त्या निगेटिव्हचाच हेवा वाटतो. तिथली हवाही खारीच, पण थंड. आणि माझ्या गावात सोपवून जावं असं संग्रहालय नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि मागोमाग पावसाळा लागला. कपाटातला बल्ब तेवढे दिवस विझलेला होता. त्याचा परिणाम हळूहळू दिसू लागला आहे. गेल्या वर्षापासून माझी भाची शनिवार-रविवारी कुडाळहून येऊन एकेक पाकीट स्कॅन करते. चांगले फोटो आधी घ्यावेत, असं तिचं म्हणणं. मी वहीप्रमाणे जायला सांगितलं : ज्या बोटी आता नाहीत, त्यांच्यावरची माणसं आधी. स्कॅन झालेला प्रत्येक चेहरा त्या त्या घरी पोचवतो, ज्याला जसा हवा तसा, कागदावर नाहीतर फोनमध्ये.

नववा डबा उघडला तेव्हा त्यातली चौदा पाकिटं पार गेलेली निघाली. फिल्म एकमेकींना चिकटलेली, चेहऱ्यांच्या जागी नुसती जाळी. वहीवरून मी त्यांतल्या अकरा जणांची घरं शोधली. पाच घरांत जुनी प्रिंट आहे. तिचा फोटो घेऊन डागडुजी करता येईल. उरलेल्या सहा घरी जाऊन सांगायचं अजून बाकी आहे. नारळी पौर्णिमेच्या आत, माणसं घरात असतानाच जायला हवं.