डिस्क ब्रेकला उष्णता नेमकी किती द्यायची?

मोरवाडी चौकात सिग्नल लाल झाला, तुम्ही बाईकचा ब्रेक दाबलात. बाईक आणि तुम्ही मिळून २०० किलो, वेग ताशी ६० किमी. म्हणजे साधारण २८,००० ज्यूल गतिज ऊर्जा. तिची आता उष्णता होणार. त्यातली ७० टक्के पुढच्या डिस्कमध्ये गेली असं धरू : १९,५०० ज्यूल. ४ सेकंदांत थांबलात तर सरासरी ४,९०० वॅट.

पण सॉफ्टवेअरमध्ये ‘हीट फ्लक्स’च्या रकान्यात नुसते वॅट टाकायचे नसतात, दर चौरस मीटरला किती वॅट ते टाकायचं असतं. पॅड जिथे घासतो तो पट्टा दोन्ही बाजूंचा मिळून ०.०४ चौरस मीटर धरला, तर सुमारे १.२ लाख. मी पहिल्यांदा एकाच बाजूच्या क्षेत्रफळानं भागलं आणि तो आकडा दोन्ही बाजूंना लावला. रंगीत चित्र काय झकास आलं! त्यावरून डिस्क जाड करा म्हणून सांगायलाही निघालो होतो.

वाचवलं एका साध्या भागाकारानं. १ किलो पोलाद १ अंशानं तापायला सुमारे ४८० ज्यूल लागतात. माझी डिस्क १ किलोची, म्हणजे तिचं सरासरी तापमान फार तर ४० अंशांनी वाढायला हवं. माझ्याकडे ८० नी वाढलं होतं.

आणखी एक. ब्रेक एकसारखा लागला तर फ्लक्स सुरुवातीला सरासरीच्या दुप्पट असतो आणि उतरत शून्यावर येतो. चारही सेकंद एकच आकडा दिलात, तर पृष्ठभागाचं कमाल तापमान चुकतं.