गर्भाशय काढण्याआधी

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या गाठी. कर्करोगाच्या क्वचितच, पाळी गेल्यावर बहुधा आकसतात. त्रास नसेल तर केवळ सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून शस्त्रक्रिया लागत नाही.

• अतिरक्तस्राव: एका पाळीत 80 मिलिलिटरहून जास्त. घरी मोजता येत नाही, म्हणून खुणा पाहाव्यात: तासा-दोन तासांत पॅड भिजणे, मोठ्या गुठळ्या, 7 दिवसांहून लांबलेली पाळी. हिमोग्लोबिन तपासावेच.

• इतर उपाय: ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, फक्त गाठी काढणे, गाठींचा रक्तपुरवठा बंद करणे.

• गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया: पोटावर छेद देऊन, योनिमार्गे किंवा दुर्बिणीतून. पोटावरच्या छेदानंतर साधारण 6 ते 8 आठवडे जड उचलणे बंद.

• गर्भाशय वेगळे, अंडाशय वेगळे: सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. गर्भाशय काढले की पाळी थांबते. अंडाशय ठेवले तर त्यातले हार्मोन चालू राहतात. पाळी जाण्याआधीच दोन्ही अंडाशय काढले, तर रजोनिवृत्ती लगेच येते. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. संमतिपत्रावर सही करण्याआधी कोणते अवयव लिहिले आहेत ते वाचावे.

• बीड: ऊसतोड महिलांवरील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने 2019 मध्ये समिती नेमली.