परदेशी निघालेला फोन
(लेखमाला : खिशातील माहिती, लेखांक सहावा)

मागील लेखांकात फोनमधील माहिती कूटबद्ध होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, कशी साठवली जाते याचा विचार झाला. तोच फोन देशाबाहेर गेला की त्याच्याभोवतीच्या तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात: तो ज्या जाळ्यातून बोलतो ते जाळे परके होते, त्याची झडती ज्या कायद्याने घेता येते तो कायदा परका होतो, आणि फोन हरवल्यास जिथे धाव घ्यायची ती बँक, ते पोलीस ठाणे व मोबाइल कंपनीचे दुकान हजारो किलोमीटर मागे राहते. या तिन्ही बाबतींत प्रवाशाच्या हातात जे काही आहे, त्याचा बहुतांश भाग विमानात बसण्यापूर्वीच करून ठेवावा लागतो, हे या लेखांकाचे प्रतिपादन आहे.

या विषयाचे मूळ तत्त्व समजून घेण्यासाठी ट्रॉम्बेइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. पोखरण येथील ११ व १३ मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तीन-चार आठवड्यांतच काही परदेशी किशोरवयीन मुलांनी ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंटरनेटशी जोडलेल्या संगणकांत घरबसल्या शिरकाव केला, तेथील ईमेल उतरवून घेतले आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अण्वस्त्रविरोधी संदेश झळकवला. पुढे २०१९ मध्ये, अणुशक्तीनगर येथे मुख्यालय असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने कुडनकुलम प्रकल्पातील एका संगणकात घातक प्रणाली शिरल्याचे ३० ऑक्टोबर रोजी मान्य केले. मात्र तो संगणक प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेला होता आणि अणुभट्टीचे नियंत्रण करणारे जाळे त्यापासून पूर्णतः अलग होते, असेही महामंडळाने त्याच वेळी स्पष्ट केले. दोन्ही प्रसंगांत मोठी हानी टळण्याचे कारण एकच होते, ते म्हणजे महत्त्वाची यंत्रणा बाहेरच्या जगाला मुळात जोडलेलीच नव्हती. सामान्य माणसाच्या फोनमध्ये नेमके हेच वेगळेपण नसते. बँकेचे ॲप, कार्यालयाची पत्रे, आधार व पॅनची छायाचित्रे, आईच्या औषधांची चिठ्ठी आणि इमारतीतील शेजाऱ्यांचे क्रमांक हे सारे एकाच कुलपामागे असते, आणि ते कुलूप दिवसातून अनेकदा अनोळखी लोकांसमोर उघडले जाते.

म्हणून पहिले काम माहिती कमी करण्याचे आहे. शक्य असल्यास जुना, पण अद्ययावत होऊ शकणारा दुसरा फोन प्रवासासाठी ठेवावा; ते शक्य नसल्यास संपूर्ण फोनचा बॅकअप, म्हणजे सुरक्षित प्रत, घरी घेऊन प्रवासात न लागणारी ॲप, कार्यालयीन पत्रव्यवहार आणि कागदपत्रांची छायाचित्रे फोनवरून काढून टाकावीत, आणि ती ‘नुकतेच हटवलेले’ या कप्प्यातूनही काढावीत, कारण बहुतेक फोनमध्ये हटवलेले छायाचित्र तिथे काही आठवडे तसेच पडून असते. येथे एक नैतिक बाजूही आहे, आणि ती सहसा दुर्लक्षिली जाते. फोनमधील माहितीचा मोठा भाग त्या फोनच्या मालकाचा नसतोच; तो सहकाऱ्यांचा, नातेवाइकांचा, रुग्णांचा किंवा विद्यार्थ्यांचा असतो, आणि त्यांपैकी कोणीही ती माहिती परदेशी नेण्यास संमती दिलेली नसते. स्वतःची माहिती धोक्यात घालण्याचा अधिकार प्रत्येकाला असेल, दुसऱ्याची घालण्याचा नाही.

सीमेवरील झडतीचा प्रश्न याच ठिकाणी येतो, आणि तो समजण्यासाठी एक जुना प्रसंग उपयोगी पडतो. २४ जानेवारी १९६६ रोजी अणुशास्त्रज्ञ होमी भाभा व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले असताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. त्या विमानातील भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची एक थैली ४६ वर्षांनी, २०१२ मध्ये, फ्रान्समधील शामोनीजवळच्या हिमनदीत सापडली, आणि तिच्यातील वर्तमानपत्रे तोवर वाचता येण्याजोगी होती. ती थैली कोणत्याही देशाला उघडता आली नसती, कारण भाभा ज्या शहराकडे निघाले होते त्याच व्हिएन्नात १९६१ साली झालेल्या राजनैतिक संबंधविषयक कराराचे २७ वे कलम अशी थैली उघडण्यास किंवा अडकवून ठेवण्यास मनाई करते. सामान्य प्रवाशाच्या फोनला असे कोणतेही संरक्षण नाही, मग तो प्रवासी शास्त्रज्ञ असो, विद्यार्थी असो वा नातवंडांना भेटायला निघालेले आजी-आजोबा असोत.

अमेरिकेत अटक झालेल्या माणसाचा फोन तपासण्यासाठी न्यायालयाचे वॉरंट लागते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. परंतु सीमेवर वेगळा नियम चालतो. जानेवारी २०१८ च्या सीमाशुल्क निर्देशानुसार अधिकारी संशयाविनाही फोन हाताने चाळू शकतो, मात्र तो फोनमध्ये साठलेलीच माहिती पाहू शकतो, दूरच्या सर्व्हरवरील नव्हे, आणि त्यासाठी फोनचा नेटवर्कशी असलेला संबंध आधी तोडणे अपेक्षित असते. २०२४ च्या आर्थिक वर्षात ४२ कोटी प्रवाशांमागे सुमारे ४७ हजार उपकरणांची अशी तपासणी झाली. म्हणजे शक्यता थोडी आहे, पण ज्याच्यावर ती वेळ येते त्या परदेशी नागरिकाने पासकोड नाकारल्यास त्याला प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्याने पासकोड न देणाऱ्यास ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी खोटे बोलणे किंवा हुज्जत घालणे हा मार्ग नव्हे. फोनमध्ये थोडेच ठेवणे आणि रांगेत उभे राहण्यापूर्वी तो पूर्ण बंद करणे हा मार्ग आहे. बंद केलेला फोन पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत साठवणीतील बहुतांश माहितीच्या किल्ल्या मोकळ्या होत नाहीत, आणि बोटाचा ठसा किंवा चेहरा तोवर चालत नाही. चोरीच्या बाबतीतही हा फरक मोठा ठरतो.

परक्या जाळ्याचा धोका अधिक सूक्ष्म आहे. मुंबईचे सिम असलेला फोन फ्रँकफर्टला उतरला की तेथील कंपनी भारतातील कंपनीकडे चौकशी करते, आणि भारतातील कंपनी ‘हा ग्राहक सध्या अमुक जाळ्यात आहे’ अशी नोंद करून त्याचे कॉल व एसएमएस तिकडे वळवते. यालाच रोमिंग म्हणतात. जुन्या पिढीच्या जाळ्यांत ही चौकशी ‘एसएस-७’ नावाच्या संकेतप्रणालीतून होते. ती १९७० च्या दशकात, मोजक्या आणि परस्परांवर विश्वास असलेल्या दूरध्वनी संस्थांसाठी रचली गेली, त्यामुळे विचारणारा खरा आहे का हे पडताळण्याची पुरेशी सोय तीत नव्हती. या जाळ्यात कसाही शिरकाव मिळवलेला माणूस ‘हा ग्राहक आता माझ्याकडे आहे’ असा खोटा संदेश पाठवून दुसऱ्याचे एसएमएस स्वतःकडे वळवू शकतो. जर्मनीत २०१७ मध्ये चोरांनी आधी खातेदारांचे बँकेचे पासवर्ड मिळवले आणि मग याच वाटेने त्यांचे ओटीपी पळवून खाती रिकामी केली. एसएमएसने येणारा ओटीपी म्हणूनच एकट्याने पुरेसा नाही; जिथे बँक किंवा ईमेल सेवा ॲपमधून संमती देण्याची सोय देते तिथे ती निवडावी.

तरीही भारतीय प्रवाशाची ओटीपीपासून सुटका नाही, आणि त्यामुळे भारतातील सिम फोनमध्येच चालू ठेवून त्यावरील डेटा रोमिंग बंद करणे व इंटरनेटसाठी स्थानिक सिम किंवा ई-सिम घेणे सोयीचे पडते. मात्र या सिमला पिन लावलेली असावी. फोनला पासकोड असतो, पण सिमला नसतो, हे चोराला ठाऊक असते. तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि सारे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. चार आकडी सिम-पिन असल्यास तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर सिम बंद पडते. पिन बदलताना कंपनीने दिलेली पीयूके, म्हणजे बंद पडलेले सिम पुन्हा उघडणारी संख्या, आधी लिहून ठेवावी, नाहीतर स्वतःचेच सिम अडकण्याची वेळ येते.

सार्वजनिक वायफायविषयीची भीती आता थोडी बदलायला हवी. बहुतेक संकेतस्थळे व ॲप आता कूटबद्ध संपर्क वापरत असल्याने मधल्या माणसाला मजकूर वाचणे अवघड झाले आहे. खरा धोका फसव्या प्रवेशपृष्ठाचा आहे. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये विमानतळांवर आणि विमानांत खऱ्यासारख्या नावाचे बनावट वायफाय उभारून लोकांचे ईमेल व समाजमाध्यमांचे पासवर्ड मागून घेतल्याचा आरोप एका इसमावर ठेवला गेला. वायफायसाठी कोणी ईमेलचा पासवर्ड मागत असेल तर तिथेच थांबावे. व्हीपीएन, म्हणजे फोनपासून एका दूरच्या सर्व्हरपर्यंतचा कूटबद्ध मार्ग, उपयोगी असतो, परंतु त्यामुळे विश्वास हॉटेलवरून त्या व्हीपीएन कंपनीवर सरकतो एवढेच. शिवाय कायदा पाहावा लागतो: संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास ५ लाख ते २० लाख दिर्हॅम दंडाची तरतूद आहे. सार्वजनिक चार्जिंगबाबत स्वतःचा प्लग व अडॅप्टर बाळगला की विषय संपतो.

फोन हरवल्यावर काय, हा मात्र खरा कसोटीचा भाग. दूरवरून फोन पुसण्यासाठी गुगल किंवा ॲपलच्या खात्यात शिरावे लागते, गुगलचे खाते ओळख पटवण्यासाठी संकेतांक मागू शकते, आणि तो संकेतांक बहुधा हरवलेल्या फोनवरच येतो. ही गाठ सोडवण्यासाठी गुगल १० राखीव संकेतांक देते, प्रत्येक ८ आकडी आणि एकदाच चालणारा; ते कागदावर उतरवून पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवावेत आणि एक प्रत घरी असावी. भारत सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेतून हरवलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, अडवता येतो, पण ती बंदी भारतीय जाळ्यांपुरतीच असल्याने पॅरिसमध्ये चोरलेला फोन तिथे चालू राहू शकतो.

पैशांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचे आहे: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर तोट्याचा भार पडत नाही. पासवर्ड किंवा पिन स्वतःच कोणाला दिली असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. म्हणून अणुशक्तीनगर, चेंबूर, मानखुर्द येथील ज्या घरांतून कोणी परदेशी निघाले असेल, त्या घरातील माणसांनी बँकेचा परदेशातून लागणारा दूरध्वनी क्रमांक, आयएमईआय आणि राखीव संकेतांक प्रवासाच्या आदल्या आठवड्यातच कागदावर लिहून घ्यावेत, आणि व्यवहाराच्या सूचना एसएमएसबरोबर ईमेलवरही येतील अशी व्यवस्था बँकेत करून घ्यावी.