घरातलं सामान, धंद्याचा माल आणि विम्याचा आकडा



घरातून धंदा करणाऱ्यांना मी विचारतो, "विमा आहे का?" बहुतेक जण "आहे ना" म्हणतात. पुढे चौकशी केली की निघतो गाडीचा, नाहीतर एलआयसीचा. घरातल्या सामानाचा विचारला की मग, "सर, आमच्या घरात असं काय आहे?"

काय आहे ते आज मोजूया. हा विमा किती रुपयांचा काढायचा हे व्हिडिओत घाईत सांगून झालं होतं, इथे सावकाश बघू.

जुन्नर-आंबेगावात नुकसान कसं येतं हे वेगळं सांगायला नको. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आलं तेव्हा आपल्याकडेही घरांचे पत्रे उडाले. पंचनामा होतो, सरकारी मदतही मिळते, पण ती ठरलेल्या निकषाने मिळते. तुमच्या ओव्हरलॉक मशीनची किंमत त्यात कोणी विचारत नाही.

घरासाठी सध्या 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी आहे. विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून ती सगळ्या साधारण विमा कंपन्यांना लागू केली, त्यामुळे मूळ अटी सगळीकडे सारख्याच. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड हे तिच्यात आहे. घराच्या बांधकामाचा विमा घेतला की घरगुती सामानाला बांधकामाच्या रकमेच्या 20 टक्के इतकं संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त 10 लाख. त्यासाठी सामानाची यादी द्यावी लागत नाही.

इथेच लोक थांबतात. 20 टक्के मिळालं ना, झालं! पण ते पुरतंय का, हा हिशोब करतच नाहीत.

बांधकामाची रक्कम म्हणजे कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर. त्यात जागेची किंमत धरायची नाही. पुणे-नाशिक हायवेलगत तुमच्या गुंठ्याला कितीही भाव असू दे, गुंठा जळत नाही. समजा घर 700 चौरस फूट आणि दर 1,800 रुपये. झाले 12,60,000. त्याचे 20 टक्के 2,52,000.

आता सामान मोजा. मोबाईल घ्या, व्हिडिओ चालू करा आणि ओट्यापासून माळ्यापर्यंत फिरा. कपाटाचं दार उघडून दाखवा. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. राहून जातात ती भांडी, गाद्या, कपडे, पंखे, मिक्सर, गच्चीवरचं सोलर आणि पाण्याची टाकी. प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहायची ती आज दुकानातून तशीच नवी आणायला किती लागतील ती. 2016 साली फ्रिज 14,000 ला घेतला असेल, पण आज तसाच फ्रिज 24,000 ला येत असेल तर 24,000 लिहायचे. बेरीज समजा 3,60,000 आली. मग 2,52,000 अपुरे आहेत, आणि यादी देऊन सामानाची रक्कम वाढवून घ्यायची. ही सोय पॉलिसीत आहे.

या पॉलिसीत एक गोष्ट चांगली आहे. रक्कम कमी लावली म्हणून दाव्याला त्या प्रमाणात कात्री लागत नाही. पण लावलेल्या रकमेच्या वर एक रुपयाही मिळत नाही.

दागिने या सामानात येत नाहीत. त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एकूण रक्कम 5 लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू 1 लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. सोन्याचा भाव बघता साधं मंगळसूत्रसुद्धा ही मर्यादा ओलांडतं, तेव्हा सराफाकडून दाखला करून ठेवा. रोख रक्कम तर धरतच नाहीत. आठवड्याचा गल्ला डब्यात ठेवायची सवय असेल तर तो बँकेत भरा.

चोरीचं नीट ऐका. मूळ पॉलिसीत चोरी येते ती फक्त आग-वादळासारख्या घटनेमुळे, तीही घटनेनंतर 7 दिवसांच्या आत झालेली. नुसती घरफोडी झाली तर त्यात काही नाही. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागून घ्यायचं. आणि व्होल्टेज वर-खाली होऊन किंवा शॉर्ट सर्किटने फ्रिजच जळाला, तर तो फ्रिज मिळत नाही. त्यातून आग पसरून बाकीचं घर जळालं तर ते नुकसान धरतात. आपल्याकडची वीज बघता हे माहीत असलेलं बरं.

आता धंद्याचा माल

घराच्या पॉलिसीत "घरगुती वापराचं सामान" असे शब्द आहेत. म्हणजे पुढच्या खोलीतली शिलाई मशीन, मसाल्याचा डंक, पापडाची पोती, ऑर्डरचे बॉक्स यातलं काही त्यात बसत नाही. एजंट "सगळं येतं हो" म्हणाला तरी. घरात धंदा चालतो हे अर्जातच लिहून द्या. ते लपवलं तर उद्या घराच्या दाव्यावरही प्रश्न उभा राहू शकतो.

धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. एका ठिकाणी 5 कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्यांसाठी, म्हणजे आपण सगळे त्यात आलो. पण इथला नियम घरापेक्षा कडक आहे. खऱ्या किमतीपेक्षा रक्कम कमी लावली असेल तर 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ. त्यापुढे दावा प्रमाणात कापला जातो.

उदाहरण घेऊ. मंचरमध्ये एक ताई घरी ब्लाउज शिवतात असं समजा. दोन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक पिको-फॉल, इस्त्री, टेबल मिळून आजच्या नव्या भावाने 1,10,000. हा आकडा वर्षभर फारसा हलत नाही, म्हणून सोपा.

माल मात्र हलतो. पावसाळ्यात अस्तर, धागे, लेस, ब्लाउज पीस आणि थोड्या साड्या मिळून 95,000 चा माल घरात असतो. लगीनसराईत स्वतःचा माल 70,000 चा होतो आणि दोऱ्यांवर लोकांच्या साड्या टांगलेल्या असतात. साठ साड्या, सरासरी 2,000 धरल्या तरी 1,20,000. एकूण 1,90,000.

ताईंनी पावसाळ्यात पॉलिसी घेतली आणि मालापुढे 95,000 लिहिले. मे महिन्यात आग लागून 60,000 चा माल गेला. कंपनी बघणार की माल होता 1,90,000 चा आणि विमा निम्म्याचा. मिळणार 30,000. "माझं नुकसान तर विम्याच्या रकमेपेक्षा कमी होतं," हे म्हणून काही उपयोग नाही.

म्हणून मालाची रक्कम वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या महिन्याची लावायची. शिवणकामाला तो लगीनसराईत किंवा दिवाळीआधी येतो. चटणी-मसालावाले मार्च ते मे वर्षाची मिरची भरतात, त्यांचा तेव्हा. मागच्या वर्षाच्या खरेदीच्या बिलांवरून तो महिना लगेच सापडतो. किंमत धरायची ती तुम्हाला पडलेली, विक्रीची नाही. नफा या विम्यात येत नाही.

आणि लोकांच्या साड्या? त्या तुमच्या मालकीच्या नाहीत, सांभाळायला दिलेल्या आहेत. "ग्राहकांचा, आमच्या ताब्यातला माल" हे पॉलिसीवर स्पष्ट लिहून घ्या आणि त्याची रक्कम धरा. दुसऱ्याचे मोबाईल, मिक्सर दुरुस्त करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. स्वतःचं गेलं तर माणूस रडून गप्प बसतो, पण नवरीची पैठणी गेली तर गावात तोंड दाखवायची पंचाईत होते आणि भरपाई खिशातून करावी लागते.

मुद्रा कर्ज असेल तर "बँकेने विमा काढलाय" असं ऐकायला मिळतं. बँकेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा आणि रक्कम बघा. कर्ज 50,000 चं, माल दोन लाखांचा आणि विमा कर्जाएवढाच असेल, तर वर सांगितलेली कात्री तिथेही लागणार.

भाड्याच्या घरात असाल तर बांधकाम मालकाचं, पण सामानाचा आणि मालाचा विमा तुम्हाला घेता येतो. वडिलोपार्जित घर भावांच्या सामाईक नावावर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 आधी काढून बघा, कोणाचं नाव लागलंय ते. दाव्याच्या वेळी तो वाद निघाला तर पैसे लटकतात. भिंत मातीची किंवा छप्पर गवताचं असेल तर तेही अर्जात सांगा.

तो मोबाईलवरचा व्हिडिओ आणि बिलांचे फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेवा, कारण आगीत फोनही जाऊ शकतो. नवीन मशीन घेतली की त्याच आठवड्यात कंपनीला कळवून रक्कम वाढवून घ्या, नूतनीकरणाची वाट बघू नका. तुमच्या धंद्याचा सगळ्यात भरलेला महिना कोणता, ते खाली लिहा. पुढच्या वेळी त्यातल्या दोन-तीन धंद्यांचे आकडे घेऊन बसू.